जुन्या रोड बाइकची रास्त किंमत कशी काढावी

पुण्यात जुनी रोड बाइक घेणाऱ्या बहुतेकांचा हिशेब विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यापासून सुरू होतो. पंचेचाळीस हजार सांगितले, चाळीस हजारांना मिळाली, म्हणजे पाच हजार वाचले, असे समाधान मानून ते सायकल घरी आणतात. पहिल्याच सर्व्हिसिंगला मेकॅनिक चेन, कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा संच), टायर आणि केबल यांची यादी हातात ठेवतो, आणि वाचलेल्या पाच हजारांच्या दुप्पट रक्कम खिशातून जाते. घासाघीस कमी पडली म्हणून असे होत नाही, कामांचा क्रम चुकल्यामुळे होते. किंमत सायकल पाहण्याच्या आधी, घरी बसून काढायची असते आणि प्रत्यक्ष पाहणीत त्या किमतीतून फक्त वजाबाकी करायची असते. खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यातला आकडा मागच्या टप्प्यावर उभा आहे.

तयारी: माप आणि हत्यारे

सर्वांत आधी स्वतःचे फ्रेमचे माप निश्चित करावे. आपल्या मापाची नसलेली सायकल कितीही स्वस्त मिळाली तरी ती महागच पडते, कारण स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा भाग) बदलून आणि सीट पुढे-मागे सरकवून एखादा सेंटीमीटर जुळवता येतो, फ्रेमची अख्खी एक साइज जुळवता येत नाही. उंची आणि पायाच्या आतल्या बाजूची लांबी मोजून घ्यावी, संबंधित कंपनीचा तक्ता पाहावा आणि शक्य असल्यास त्याच मापाची नवी सायकल एखाद्या दुकानात चालवून पाहावी. एका कंपनीची ५४ मापाची आणि दुसरीची ५४ सारखी बसेलच असे नाही.

पाहणीला जाताना ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या ॲलन की, इंचाच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, छोटा टॉर्च, सुती फडके, चिकटपट्टी आणि शक्य असल्यास चेन मोजण्याचे गेज एवढे सामान सोबत घ्यावे. ज्याच्याकडे नेहमी सायकल नेता त्या मेकॅनिककडून चेन, कॅसेट, टायरची जोडी, ब्रेक पॅड, केबल आणि हँडलची टेप, बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक फिरते ते फ्रेममधले बेअरिंग) आणि पूर्ण सर्व्हिसिंग यांचे मजुरीसह आजचे दर आधीच लिहून आणावेत. ही दरांची चिठ्ठी नसेल, तर पाचव्या टप्प्यातली वजाबाकी निव्वळ अंदाजपंचे होते.

टप्पा १: मॉडेल, वर्ष आणि ग्रुपसेट नेमके ठरवावे

ग्रुपसेट म्हणजे गिअर आणि ब्रेकच्या भागांचा संच. जाहिरातीत "१०५ ग्रुपसेट" (१०५ ही शिमानो कंपनीची एक मालिका) लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात फक्त मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) १०५ असतो, क्रँक (पेडलचे दांडे) बिननावाची, ब्रेक दुसऱ्याच कंपनीचे आणि कॅसेट एक पायरी खालची. यात दरवेळी फसवणूकच असते असे नाही. कंपन्या स्वतःच किंमत आटोक्यात ठेवण्यासाठी अशी भेसळ करतात. पण किंमत काढताना प्रत्येक भाग वेगळा ओळखावा लागतो.

शिमानोच्या भागांवर क्रमांक छापलेला असतो. डिरेलरच्या मागच्या अंगाला, क्रँकच्या आतल्या बाजूला आणि शिफ्टरच्या (गिअर बदलण्याच्या लिव्हरच्या) खालच्या भागावर तो शोधावा. आर२००० म्हणजे आठ गिअरची क्लॅरिस, आर३००० म्हणजे नऊ गिअरची सोरा, ४७०० म्हणजे दहा गिअरची टियाग्रा, आर७००० म्हणजे अकरा गिअरची १०५ आणि आर७१०० म्हणजे बारा गिअरची १०५. विक्रेत्याला या क्रमांकांचे आणि फ्रेमच्या सिरीयल नंबरचे फोटो मागावेत. सिरीयल नंबर बहुधा बीबीच्या खाली, फ्रेमच्या पोटावर कोरलेला असतो. फोटो द्यायला टाळाटाळ होत असेल, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

> इशारा: जुलै २०१९ पूर्वी तयार झालेल्या, अकरा गिअरच्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एस मालिकेतील चिकटवून जोडलेल्या हॉलोटेक क्रँकसाठी शिमानोने २०२३ मध्ये तपासणी आणि बदलून देण्याचा कार्यक्रम जाहीर केला होता, कारण काही क्रँक सांध्यातून सुटून तुटत होत्या. अशी क्रँक असलेल्या सायकलची ती तपासणी झाली आहे का, हे विचारल्याशिवाय आकडा सांगू नये.

टप्पा २: आजची नवी किंमत शोधावी

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे. विक्रेता आपले बिल दाखवतो आणि त्या बिलातून टक्के वजा होऊ लागतात. वास्तविक त्याने किती पैसे मोजले, याचा आपल्याशी काहीही संबंध नाही. तीच सायकल, किंवा तिच्या तोडीची सायकल, आज दुकानात कितीला मिळते हाच एकमेव पाया आहे.

जुन्या बिलांवर विसंबू नये याची दोन ठोस कारणे आहेत. २०२०-२१ मध्ये सायकलींची आणि सुट्या भागांची जगभर टंचाई होती, त्यामुळे त्या काळातल्या अनेक बिलांवर चढे भाव आणि शून्य सवलत दिसते. दुसरे असे की २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. १,१२,००० रुपयांच्या जुन्या बिलात मूळ किंमत एक लाख आणि कर बारा हजार असतो. कंपनीने मूळ किंमत तीच ठेवली असेल, तर आज तीच सायकल १,०५,००० ला मिळायला हवी. विक्रेत्याच्या हातातल्या बिलात हे सात हजार अजून जिवंत असतात.

छापील किंमत धरू नये, दुकानदार प्रत्यक्ष ज्या किमतीला देतो ती धरावी. पुण्यात दोन-तीन दुकानांत फोन केला की सवलतीनंतरचा आकडा कळतो. मॉडेल बंद झाले असेल, तर त्याच कंपनीचे किंवा तोडीच्या कंपनीचे, त्याच प्रकारच्या फ्रेमचे आणि त्याच पायरीच्या ग्रुपसेटचे आज मिळणारे मॉडेल घ्यावे. रिम ब्रेकच्या (चाकाच्या कडेला पकडणाऱ्या ब्रेकच्या) सायकलीची तुलना डिस्क ब्रेकच्या (चाकाच्या मध्यावरची तबकडी पकडणाऱ्या ब्रेकच्या) नव्या मॉडेलशी करत असाल, तर पाया थोडा खाली आणावा. रिम ब्रेक वाईट असतात म्हणून नव्हे (देखभालीला ते सोपेच आहेत), तर पुढे विकताना गिऱ्हाईक कमी मिळते म्हणून.

> तपासणी: ओएलएक्स किंवा फेसबुकवरच्या जाहिरातींतले आकडे म्हणजे बाजारभाव नव्हे, ती केवळ विक्रेत्याने मागितलेली किंमत आहे. तीच जाहिरात दोन महिन्यांनंतरही तशीच दिसत असेल, तर त्या भावाला सायकल विकली जात नाही एवढेच त्यातून सिद्ध होते.

टप्पा ३: वय आणि वापर यांवरून टक्के लावावेत

खालील टक्के हा माझा ढोबळ मापदंड आहे. तो "चालू स्थितीतल्या" सायकलीसाठी आहे, म्हणजे आज घेतली आणि पुढचे पाचशे किलोमीटर तिच्यावर हवा-तेलाव्यतिरिक्त खर्च करावा लागला नाही, अशा सायकलीसाठी.

- एक वर्षापर्यंत: आजच्या नव्या किमतीच्या ७० ते ७५ टक्के
- दोन वर्षे: ६० ते ६५ टक्के
- तीन वर्षे: ५० ते ५५ टक्के
- चार ते पाच वर्षे: ४० ते ५० टक्के
- सहा ते आठ वर्षे: ३० ते ४० टक्के
- त्याहून जुनी: टक्के सोडून द्यावेत आणि फ्रेम, चाके व शिफ्टर यांच्या स्थितीवरच ठरवावे

या पट्ट्यातला खालचा आकडा घ्यायचा की वरचा, हे वापर ठरवतो. बरेच सायकलस्वार स्ट्राव्हा हे राइड नोंदवणारे ॲप वापरतात आणि त्यात सायकलनिहाय किलोमीटर दिसतात. ते पान दाखवायला सांगण्यात संकोच करू नये. दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटरच्या ब्रेवे (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) केलेल्या सायकलीचे किलोमीटर जास्त असतात, पण अशा मालकाने चेन वेळेवर बदललेली असण्याची शक्यताही जास्त असते. याउलट "फक्त आठशे किलोमीटर चालली आहे" अशी जाहिरात असलेली, चार वर्षे गॅलरीत उन्हापावसात उभी राहिलेली सायकल पाहायला गेलात, तर टायरच्या कडांना बारीक भेगा, कडक झालेले ग्रीस आणि गंजलेल्या केबल दिसतात. रबर आणि ग्रीस किलोमीटर मोजत नाहीत. अशा सायकलीला कमी वापराचा फायदा देऊ नये.

पहिल्या मालकानंतर बहुतेक कंपन्यांची फ्रेमची आजीवन वॉरंटी पुढे चालत नाही किंवा बरीच आक्रसते, म्हणून "लाइफटाइम वॉरंटी आहे" या वाक्यापोटी एक रुपयाही वाढवू नये.

या टप्प्याअखेर एक आकडा कागदावर लिहावा. याला आपण कमाल किंमत म्हणू. सायकल निर्दोष निघाली तरी या आकड्याच्या वर जायचे नाही.

टप्पा ४: प्रत्यक्ष पाहणी, ठरलेल्या क्रमाने

पाहणी दिवसाउजेडी करावी आणि शक्यतो सायकल धुऊन-पुसून ठेवू नका असे आधीच सांगावे. तेलाचे ओघळ आणि साचलेली धूळ बरेच काही सांगतात.

*अ. फ्रेम आणि फोर्क.* इथे दोष सापडला तर पुढची तपासणी करायची नाही. हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या उभ्या नळीच्या) खालचा सांधा, बीबीच्या भोवतालचा भाग, सीट ट्यूबचे वरचे टोक आणि मागच्या चाकाचे ड्रॉपआउट (चाकाचा दांडा बसतो त्या खाचा) यांवरून ओले फडके फिरवून टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहावे. रंगाचा ओरखडा सांध्याला समांतर धावत असेल, तर ती चीर समजावी. कार्बन फ्रेमवर नाण्याने टकटक करून आवाज ऐकण्याची पद्धत पूर्ण भरवशाची नाही. शंका आली की सायकल सोडून द्यावी. पडल्याच्या खुणा ब्रेक लिव्हरच्या टोकावर, सीटच्या कडेला आणि डिरेलरच्या बाहेरच्या अंगावर असतात. केवळ एका बाजूच्या तिन्ही ठिकाणी ओरखडे असतील, तर ती सायकल बहुधा वेगात आडवी झालेली आहे.

*आ. सीटपोस्ट (सीटचा दांडा).* चिकटपट्टीने उंचीची खूण करावी, बोल्ट सैल करून पोस्ट हलवावा. पुण्याच्या पावसाळ्यात पाणी आत मुरून पोस्ट फ्रेममध्ये जाम होतो, आणि जाम झालेला पोस्ट काढताना कधी कधी फ्रेमच खराब होते. हलत नसेल, तर किंमत कमी करून घेण्यापेक्षा परत फिरणे बरे.

*इ. हँडलबार.* घरात ट्रेनरवर (सायकल एका जागी ठेवून चालवायच्या यंत्रावर) चालवलेल्या सायकलीचा खरा शत्रू घाम असतो. टेपचे स्टेमजवळचे टोक अंगठ्याने थोडे मागे सारावे. खाली पांढरट भुकटी किंवा ॲल्युमिनियमला पडलेले खड्डे दिसले, स्टेमच्या बोल्टांच्या खाचा तांबूस झालेल्या असल्या, तर हँडलबार बदलण्याचा खर्च धरावाच लागतो. स्ट्राव्हावरचे किलोमीटर कितीही कमी असोत.

*ई. हेडसेट (हँडल फिरते ते बेअरिंग), बीबी, हब (चाकाचा मध्यभाग).* पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवावी; हाताला टकटक जाणवली तर हेडसेटमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे. बरोबर मधोमध ते अडकून बसत असेल, तर खालच्या बेअरिंगने खळगे धरले आहेत. क्रँकचे टोक धरून फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवावे, मग चाकांच्या रिमलाही तसेच हलवून पाहावे.

*उ. चाके.* चाक फिरवून ब्रेक पॅड आणि रिममधले अंतर पाहावे. चाकात थोडा आउट (वाकडेपणा) असेल तर मेकॅनिक तो काढून देतो. खड्ड्यात आपटून रिमची कड दबली असेल, तर मात्र तो आउट निघत नाही, रिमच बदलावी लागते. रिम ब्रेकच्या सायकलीत रिमच्या ज्या पट्ट्यावर ब्रेक घासतो त्यावर स्टीलची पट्टी आडवी धरावी. मध्ये उजेड दिसला, म्हणजे पट्टा अंतर्वक्र झाला असला, तर सिंहगडासारख्या उतारांवर ती रिम बरीच झिजलेली आहे. डिस्क असेल, तर शिमानोच्या रोटरची (ब्रेकच्या तबकडीची) जाडी १.५ मिलिमीटरपर्यंत आली की तो बदलायचा असतो.

*ऊ. चेन आणि कॅसेट.* चेनच्या एका पिनच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवावा. बारा इंचांच्या खुणेवर बरोबर तिथल्या पिनचा मध्य यायला हवा. तो इंचाचा सोळावा भाग पुढे गेला, तर झीज सुमारे अर्धा टक्का आहे. आठवा भाग गेला, तर एक टक्का. अकरा-बारा गिअरची चेन अर्ध्या टक्क्यावर आणि आठ ते दहा गिअरची पाऊण टक्क्यावर बदलायची असते. एक टक्का गाठलेल्या चेनसोबत कॅसेटही गेलेली समजावी, कारण जुन्या दातांवर नवी चेन जोर लावताच उड्या मारते.

> इशारा: विक्रीच्या आदल्या दिवशी जुन्या कॅसेटवर नवी कोरी चेन चढवलेली असू शकते. चेन चमकदार आणि दात आकड्यासारखे वाकलेले दिसले, तर नव्या चेनचे मोल शून्य धरावे.

*ए. शिफ्टर.* हा सर्वांत महाग पडणारा छुपा दोष आहे. प्रत्येक गिअर वर आणि खाली असा एकेक टाकून पाहावा. लिव्हर एखाद्या वेळी पोकळ फिरली आणि काहीच पकडले नाही, तर ते ग्रीस आटल्यामुळेही असू शकते आणि आतली यंत्रणा गेल्यामुळेही. बाहेरून फरक ओळखता येत नाही आणि शिमानो आतले सुटे भाग दुरुस्तीसाठी देत नाही, म्हणून नव्या शिफ्टरची पूर्ण किंमत वजा करावी. अकरा गिअरच्या शिमानो शिफ्टरमध्ये मागच्या गिअरची केबल आतल्या आत उसवून तुटते, हे जाणकारांना ठाऊक असते. ती शेवटची केव्हा बदलली, हा प्रश्न विचारावाच.

*ऐ. चालवून पाहणे.* सोसायटीच्या आवारातली एक फेरी पुरेशी नाही. कोथरूडहून चांदणी चौकाकडे चढणारा पौड रस्ता किंवा जुना कात्रज घाट, अशा एखाद्या चढावर सकाळी लवकर, रहदारी वाढण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे चालवावे. चढावर जोर लावल्यावर चेन घसरते का, बीबीतून कुरकुर येते का आणि उतारावर हात हलकेच सैल केल्यावर सायकल एका बाजूला ओढते का, हे पाहावे. विक्रेत्याला काळजी वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या गाडीची चावी त्याच्याकडे ठेवली की प्रश्न मिटतो.

टप्पा ५: वजाबाकी

आता मेकॅनिकच्या दरांची चिठ्ठी काढावी. नियम सोपा ठेवावा: पुढच्या पाचशे किलोमीटरच्या आत जे बदलावे लागेल, ते मजुरीसह पूर्ण वजा करायचे, जे त्याहून टिकेल, त्याचे काहीही वजा करायचे नाही. अर्धवट झिजलेल्या टायरचे अर्धे पैसे कापणारे गिऱ्हाईक विक्रेत्याला नकोसे होते, आणि ते न्याय्यही नाही, कारण साधारण झीज तिसऱ्या टप्प्यातल्या टक्क्यांत आधीच धरलेली आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. ॲल्युमिनियम फ्रेम, सोरा ग्रुपसेट, चार वर्षे जुनी, मध्यम वापर. बिल ७८,४०० चे, पण आज दुकानात सवलतीनंतर तीच सायकल ७०,००० ला मिळते. पन्नास टक्क्यांनी कमाल किंमत ३५,००० झाली. पाहणीत चेन आणि कॅसेट (३,६००), दोन टायर (३,६००), ब्रेक पॅड (७००) आणि केबल, टेप, सर्व्हिसिंग (२,०००) असा ९,९०० चा खर्च निघाला. रास्त किंमत २५,१०० आली. विक्रेता ४२,००० सांगत असेल, तर तो बिलाच्या साडेत्रेपन्न टक्के सांगतो आहे, आणि त्याच्या दृष्टीने ते वाजवीच आहे. त्याच्याशी वाद घालण्याऐवजी दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी ठेवावेत. उदाहरणातले भागांचे दर केवळ समजण्यापुरते आहेत. आपल्या चिठ्ठीवरचे दर धरावेत.

टप्पा ६: बदललेले आणि जादाचे भाग

विक्रेता नेहमी सांगतो, "यावर वीस हजारांचं काम केलंय." त्यातला किती भाग आपल्या उपयोगाचा आहे, एवढाच प्रश्न असतो. चांगल्या चाकांना त्यांच्या आजच्या किमतीच्या एक तृतीयांशापर्यंत मोल द्यावे, तेही रिम आणि हब तपासून. सीट, स्टेम आणि हँडलबार दुसऱ्याच्या शरीराच्या मापाने निवडलेले असतात. त्यांचे काही देऊ नये. पॉवर मीटर (पायाचा जोर मोजणारे उपकरण), क्लीटचे (बुटाला अडकणारे) पेडल, सायकल कॉम्प्युटर हे सगळे विक्रेत्याने काढून वेगळे विकावे असे सुचवावे. बहुतेकदा दोघांनाही ते परवडते. हेल्मेट फुकट मिळाले तरी घेऊ नये, कारण ते आधी आपटले आहे की नाही हे बाहेरून कळत नाही.

> तपासणी: हाती आलेली रास्त किंमत अधिक दुरुस्तीचा खर्च ही बेरीज एक पायरी खालच्या ग्रुपसेटच्या नव्या, वॉरंटी असलेल्या सायकलीच्या जवळपास पोहोचत असेल, तर नवी घ्यावी.

टप्पा ७: बोलणी आणि व्यवहार

आकडा सांगताना यादीसकट सांगावा: "चेन, कॅसेट आणि टायर बदलावे लागतील, त्याचे इतके होतात, म्हणून मी इतके देऊ शकतो." पहिला प्रस्ताव रास्त किमतीच्या पाच ते सात टक्के खाली ठेवला म्हणजे बोलायला जागा राहते, निम्म्याने सुरुवात केली तर समोरचा फोन उचलणे बंद करतो. पावसाळ्यात रोड बाइकला गिऱ्हाईक कमी असते आणि दिवाळीनंतर थंडीत मागणी वाढते, त्यामुळे जूनपासून सप्टेंबरपर्यंत घेणाऱ्याची बाजू थोडी वरचढ राहते. विक्रेता आपल्या आकड्याला तयार नसेल, तर नंबर ठेवून निघावे. आठवड्याभराने त्याचाच फोन येण्याची शक्यता बरीच असते.

सायकल न पाहता इसार देऊ नये, "दुसरे गिऱ्हाईक तयार आहे" असे सांगितले तरी नाही. मूळ बिल पाहावे आणि त्यावरचा सिरीयल नंबर फ्रेमवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवावा. सायकलीला आरसी नसते, त्यामुळे मालकीचा दुसरा पुरावा सहसा नसतोच, आणि चोरीचा आहे हे माहीत असून किंवा तसे मानायला कारण असून माल घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बिल हरवले असेल, तर खरेदीच्या वेळचा बँकेचा किंवा यूपीआयचा व्यवहार, दुकानाचा ईमेल किंवा सायकलीचे जुने फोटो मागावेत; यांपैकी काहीच मिळत नसेल, तर व्यवहार करू नये.

पैसे यूपीआयने किंवा बँकेतून द्यावेत, म्हणजे नोंद राहते. साध्या कागदावर दोघांची नावे, तारीख, मॉडेल, सिरीयल नंबर, रक्कम आणि "जशी आहे तशी विकली" हे शब्द लिहून दोघांनी सह्या कराव्यात, त्याचा फोटो दोघांकडे ठेवावा, आणि सायकल घरी नेण्याआधी वाटेतच मेकॅनिककडे सोडावी.